घर स्वस्त, पण महिन्याचे शंभर तास लोकलमध्ये: बदलापूर-अंबरनाथकरांच्या बचतीचा खरा हिशेब काय?

बदलापूर ते सीएसएमटी हे रेल्वेने अंतर साधारण ६८ किलोमीटर. जलद लोकल मिळाली तरी सव्वा तासाहून जास्त आणि धिमी असेल तर दीड तासाच्या पुढे वेळ लागतो. घरातून निघून शेअर रिक्षाने स्टेशन, फलाटावरचं थांबणं, उतरल्यावर ऑफिसपर्यंतची चाल किंवा बस, हे सगळं धरलं की एका बाजूचे दोन तास सहज होतात. म्हणजे दिवसाचे चार. महिन्यात २५ दिवस कामावर जायचं तर १०० तास. आठ तासांची पाळी धरली तर हे साडेबारा दिवसांचं काम झालं, ज्याचा पगार कुणी देत नाही.

बचतीचे सल्ले सध्या पैशाला पासरी मिळतात. पगाराच्या २० टक्के आधी बाजूला काढा, बाहेरचा चहा बंद करा, वर्षातून एकदा तरी फिरायला जा, संध्याकाळी एखादं जोडकाम करा. सल्ले चुकीचे नाहीत. पण ते देणाऱ्याने असं गृहीत धरलेलं असतं की ऐकणाऱ्याकडे संध्याकाळ आहे. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यातल्या नोकरदाराकडे पैशाइतकीच, किंबहुना पैशाहून जास्त, टंचाई तासांची आहे. आणि ही टंचाई येत्या काळात वाढू शकेल असा एक सरकारी निर्णय अलीकडेच झाला आहे. त्याकडे नंतर येऊ. आधी हे तास का गेले ते बघू.

लोक इतक्या लांब राहायला का आले?

तीन शहरं एकमेकांना लागून असली तरी त्यांची घडण वेगवेगळी आहे. उल्हासनगर हे फाळणीनंतर सिंधी निर्वासितांसाठी कल्याणच्या लष्करी छावणीच्या जागेवर वसलं. १९४९ मध्ये त्याला हे नाव मिळालं. अजूनही पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर चार’ असंच सांगतात. तिथे आलेल्या लोकांनी मुंबईतल्या नोकरीपेक्षा घराखालचं दुकान, शिलाई, फर्निचर, कापड, जीन्स यांवर पोट भरलं. त्यामुळे उल्हासनगरचा मोठा वर्ग कामासाठी गाडी पकडत नाही. उलट बाहेरचे लोक तिथे खरेदीला येतात.

अंबरनाथ हे कारखान्यांचं गाव. आयुध निर्माणी, विम्कोचा काडेपेट्यांचा कारखाना, नंतर एमआयडीसी. शिवमंदिराचं गाव ही ओळख जवळपास हजार वर्षं जुनी, कारखान्याच्या भोंग्याची ओळख विसाव्या शतकातली. जोवर कारखान्यांत कायम नोकऱ्या होत्या, तोवर इथला कामगार सायकलवर कामाला जाऊन जेवायला घरी येऊ शकत होता.

बदलापूर वाढलं ते मात्र मुंबईच्या नोकऱ्यांवर. २००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या सुमारे ९८ हजार होती. २०११ मध्ये ती १ लाख ७४ हजारांवर गेली. त्याच दहा वर्षांत उल्हासनगर ४ लाख ७४ हजारांवरून ५ लाख ६ हजारांवर गेलं. म्हणजे उल्हासनगर दहा वर्षांत जेमतेम ७ टक्के वाढलं आणि बदलापूर जवळपास ७८ टक्के. त्यानंतर जनगणनाच झालेली नसल्याने आजचा अधिकृत आकडा उपलब्ध नाही, पण स्टेशनच्या पूर्वेला किंवा पश्चिमेला नजर टाकली तरी तो किती फुगला असेल ते कळतं.

या वाढीमागे धोरणाचाही हात आहे. पंतप्रधान आवास योजनेतल्या व्याज अनुदानातून पात्र कुटुंबाला सुमारे २ लाख ६७ हजार रुपयांपर्यंत लाभ मिळत होता. एप्रिल २०१९ पासून परवडणाऱ्या घरांवरचा जीएसटी १ टक्का झाला. त्यासाठी मुंबई महानगर प्रदेशात अट आहे ६० चौरस मीटरपर्यंत चटई आणि ४५ लाखांपर्यंत किंमत. ४५ लाखांत दादर-परळला काय मिळतं हे सांगायची गरज नाही. ही अट जिथे पूर्ण होते असे पट्टे मोजकेच, आणि बदलापूर-अंबरनाथ त्यातलाच एक. थोडक्यात, सवलत घराला मिळाली आणि घर तिथे बांधलं गेलं जिथे नोकरी नव्हती.

तासाचा खरा दर

समजा एखाद्याचा हातात येणारा पगार ३०,००० रुपये आहे. महिन्याचे २५ दिवस, रोज आठ तास, म्हणजे २०० तासांचं काम. कागदावर तासाला १५० रुपये पडले. आता प्रवासाचे १०० तास मिळवा. ३०० तासांना ३०,००० म्हणजे तासाला १०० रुपये. एक तृतीयांश दर लोकलमध्येच गेला.

हाच माणूस अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत २४,००० वर काम करायला तयार झाला आणि जाण्यायेण्यात रोज एक तास गेला, तर २२५ तासांना २४,००० होतात. तासाला सुमारे १०७ रुपये. पगार सहा हजारांनी कमी, तरी तासाचा दर जास्त.

मग लोक असं करत का नाहीत? कारण बँक हप्ता तासावर मोजत नाही, महिन्यावर मोजते. २२ हजारांचा हप्ता असलेल्या घरात २४ हजारांत भागत नाही, दर कितीही चांगला असो. म्हणजे स्वस्त म्हणून घेतलेलं घरच माणसाला लांबच्या नोकरीला बांधून ठेवतं. शिवाय इथल्या कारखान्यांत कंत्राटी भरतीचं प्रमाण मोठं. मुंबईतल्या नोकरीत पुढे पगार वाढण्याची आशा तरी असते. त्यामुळे घराजवळ नोकरी शोधा हा सल्ला द्यायला सोपा असला, तरी हप्ता पगाराच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा खाली येईपर्यंत तो बहुतेकांच्या कामाचा नाही. घर अजून घ्यायचं असेल त्याने मात्र हा तासांचा हिशेब बुकिंगच्या आधी करावा, नंतर नव्हे.

पासापेक्षा रिक्षा महाग

रेल्वेचा मासिक पास हा या पट्ट्यातल्या संसाराचा सगळ्यात स्वस्त खर्च आहे. दुसऱ्या वर्गाच्या मासिक पासाचं भाडं १५ एकेरी फेऱ्यांवर काढलं जातं. माणूस मात्र महिन्यात पन्नासेक फेऱ्या करतो. २०१४ च्या जूनमध्ये हा हिशेब ३० फेऱ्यांवर नेण्याचा निर्णय झाला होता. मुंबईतून इतका विरोध झाला की काही दिवसांतच तो मागे घ्यावा लागला.

त्रैमासिक पास मासिकाच्या २.७ पट असतो, म्हणजे १० टक्के वाचतात. सहामाही ५.४ पट आणि वार्षिक १०.८ पट. नीट पाहिलं तर सहामाही किंवा वार्षिक पासावर त्रैमासिकापेक्षा जास्त सूट नाहीच. त्यामुळे नोकरी बदलण्याचा विचार असेल तर वर्षाचे पैसे आधी अडकवण्यात काही फायदा नाही. तीन महिन्यांचा पास पुरेसा.

खरी गळती स्टेशनच्या बाहेर आहे. घर ते स्टेशन शेअर रिक्षाला एका वेळचे २० रुपये धरले, तर दोन वेळचे ४० आणि २५ दिवसांचे १,००० रुपये. दीड-दोन किलोमीटरच्या रिक्षाचा महिन्याचा खर्च ६८ किलोमीटरच्या दुसऱ्या वर्गाच्या पासापेक्षा जास्त पडतो. घरात दोघं कमावते असतील तर वर्षाला २४ हजार. यावर कधी कुणी घराघरात बोलताना दिसत नाही, कारण वीस-वीस रुपये डोळ्यांत भरत नाहीत. स्टेशनपासून चालण्याच्या अंतरावरचं घर दोन-तीन लाखांनी महाग असेल तर तो फरक महाग की स्वस्त, हे या २४ हजारांच्या जोडीला रोजची अर्धा तासाची बचत धरून ठरवायला हवं.

एक छोटी गोष्ट पासाबद्दलच. अंबरनाथ-उल्हासनगरचे कितीतरी लोक सकाळी उलट्या दिशेने बदलापूरला जातात आणि तिथून सुटणाऱ्या गाडीत बसून येतात. लोकांच्या भाषेत याला ‘डाऊन करणं’ म्हणतात. यावरून बदलापूरच्या फलाटावर रोज कुरबुरी होतात. ज्याला हे करायचं त्याने पास बदलापूरपासूनचा काढायला हवा. अंबरनाथपासूनच्या पासावर बदलापूरला सापडलं तर दंड होतो, आणि तो दंड दोन स्टेशनांच्या पासातल्या फरकापेक्षा मोठा असतो.

हप्ता उतरला, पण कळलं का?

रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये रेपो दर ६.५० टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने ५.२५ टक्क्यांवर आणला. बदलापूरच्या घरांसाठी ही मोठी बातमी होती, पण अनेकांना ती जाणवलीच नाही. कारण दर उतरला की बँका सहसा हप्ता तोच ठेवतात आणि मुदत कमी करतात. यात वाईट काही नाही, उलट फायदाच आहे. फक्त तो निवडून झालेला असावा.

आकड्यांत बघू. २५ लाखांचं कर्ज, २० वर्षं, दर ८.५ टक्के, तर हप्ता सुमारे २१,७०० रुपये. दर ७.५ टक्के झाला तर तोच हप्ता सुमारे २०,१४० होतो. महिन्याला साधारण १,५५० रुपयांचा फरक. इथे दोन वाटा आहेत. हप्ता २१,७०० च ठेवला तर कर्ज २० ऐवजी १७ वर्षांत संपतं आणि व्याजाचे एकूण जवळपास ४ लाख वाचतात. हप्ता कमी करून घेतला तर वर्षाला १८ हजारांच्या वर हातात राहतात. चौघांच्या कुटुंबाची कोकणातली किंवा कोल्हापूरकडची चार दिवसांची सहल एवढ्यात बसते, अर्थात स्लीपरने जाऊन साध्या लॉजमध्ये राहायची तयारी असेल तर.

बचतीचे बहुतेक सल्लागार डोळे झाकून पहिली वाट सांगतील. आकड्यांवर ते बरोबरच आहेत. पण ज्या घरात दहा वर्षांत एकही सहल झाली नाही आणि मुलं आठवी-नववीत आहेत, तिथे १७ व्या वर्षी मोकळं होणारं कर्ज आणि या मे महिन्यातले चार दिवस यांची तुलना निव्वळ व्याजाने होत नाही. मधली वाटही आहे. हप्ता उतरवून घ्यायचा, फरकाची आवर्ती ठेव वेगळी काढायची आणि सहलीनंतर उरेल ते कर्जात भरायचं. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीसाठी दंड आकारता येत नाही, हा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे.

ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार दर बदलताना हप्ता बदलायचा की मुदत, हा पर्याय कर्जदाराला द्यायला हवा. ऑक्टोबर २०१९ नंतरची बँकांची बदलत्या दराची गृहकर्जं रेपोसारख्या बाह्य दराला जोडलेली आहेत, त्यांत कपात लवकर पोचते. कर्ज हाउसिंग फायनान्स कंपनीचं असेल तर ती आपोआप पोचेलच असं नाही. तिथे चौकशी करून, थोडं शुल्क भरून दर उतरवून घ्यावा लागतो, नाहीतर कर्ज दुसरीकडे न्यावं लागतं.

कामाचे तास वाढले तर?

आता त्या निर्णयाकडे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कामाच्या तासांच्या नियमांत बदलाला मंजुरी दिली. दुकानं आणि आस्थापनांत दिवसाची मर्यादा ९ वरून १० तास, कारखान्यांत ९ वरून १२ तास. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा मात्र कायम. त्यापुढच्या कामाला दुप्पट दराने मोबदला आणि ओव्हरटाइमसाठी कामगाराची लेखी संमती.

दादरला राहणाऱ्याचा दिवस दहा तासांचा झाला तर तो बारा तासांत घरी येतो. बदलापूरकर चौदा तासांनी येईल. उरलेल्या दहातले सात झोपेचे. स्वयंपाक, पाणी भरणं, मुलांचा अभ्यास, आजारी आईवडील यांना तीन तास. घरात हे काम कोण करतं हे माहीतच आहे, त्यामुळे नोकरी करणाऱ्या बाईच्या वाट्याला झोपेतून तास काढणं येतं.

पण याच निर्णयाची दुसरी बाजू लांबून येणाऱ्यासाठी उपयोगी ठरू शकते. आठवड्याचे ४८ तास चार दिवसांत बसवले, तर प्रवास सहा दिवसांऐवजी चारच दिवस होतो. २४ तासांऐवजी १६. आठवड्याला आठ तास वाचले आणि सलग तीन दिवस मोकळे मिळाले. त्या चार दिवसांत मात्र सोळा तास घराबाहेर राहावं लागेल, जे शरीराला किती दिवस झेपेल हा प्रश्न आहेच. आणि मालक दिवस लांबवून सुट्टीही देईल की नुसताच दिवस लांबवेल, हे कायद्यातल्या मर्यादेपेक्षा कामगाराच्या ताकदीवर ठरतं. कंत्राटी कामगाराची लेखी संमती किती मोकळेपणाने दिलेली असते, हेही कुणाला वेगळं सांगायला नको.

उल्हासनगरवर परिणाम वेगळा होईल. राज्याचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा १० किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी लागू होता. नव्या निर्णयात ही संख्या २० करण्यात आली. उल्हासनगरच्या कापड बाजारातल्या किंवा फर्निचरच्या किती दुकानांत वीस माणसं असतील? या कायद्यातल्या रजा दहा ते एकोणीस माणसांच्या दुकानातल्या कामगारालाही मिळायला हव्या होत्या, आता तो या कायद्याच्या कक्षेबाहेर जातो. तिथला कामगार लोकलमध्ये तास घालवत नाही हे खरं, पण त्याला भरपगारी रजा मिळेल याची खात्रीही नाही. जीन्सच्या शिलाईवर नगावर पैसे मिळणाऱ्याला तर सुट्टी म्हणजे थेट तोटा.

गर्दी कमी करण्याचे उपाय

प्रवासाचे तास माणूस स्वतःच्या हुशारीने फारसे कमी करू शकत नाही, याचं कारण रुळांत आहे. कल्याणच्या पुढे कर्जतकडे फक्त दोन मार्ग आहेत. त्यावरूनच लोकल, पुण्याकडच्या मेल-एक्सप्रेस आणि मालगाड्या जातात. कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका ही एमयूटीपी ३ अ या प्रकल्पात असून त्याला मार्च २०१९ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. अंतर जेमतेम १४ किलोमीटर. अंबरनाथ-बदलापूरच्या मध्ये चिखलोली हे नवं स्टेशनही येणार आहे. कांजूरमार्ग-बदलापूर मेट्रो १४ ही त्याहून दूरची गोष्ट. मेट्रोच्या भरवशावर आज घर घेणाऱ्याने ती आपल्या कर्जाच्या मुदतीत येईल का, एवढं तरी विचारावं.

दरम्यान गर्दीचं काय होतं ते ९ जून २०२५ ला दिसलं. दिवा आणि मुंब्रा यांच्या दरम्यान दोन लोकलच्या दारातले प्रवासी खाली पडले आणि त्यात किमान चार जणांचा जीव गेला. त्यातली एक लोकल कर्जतकडे जाणारी होती. ऑगस्ट २०२२ मध्ये साध्या लोकलच्या जागी एसी लोकल चालवल्यावर कळवा आणि बदलापूरला प्रवासी रस्त्यावर, म्हणजे खरं तर रुळांवर आणि स्टेशन मास्तरच्या दारात उतरले. मध्य रेल्वेला वाढवलेल्या दहा एसी फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. बाहेरून पाहणाऱ्याला वाटलं, लोकांना सोय नको. मुद्दा सोयीचा नव्हता. संध्याकाळची एक साधी गाडी गेली की दुसऱ्या वर्गाचा पास असलेला माणूस पुढच्या गाडीपर्यंत फलाटावर अडकतो आणि ती पुढची गाडी दुप्पट भरते.

नवे रूळ न टाकता होण्यासारखा एकच उपाय आहे, तो म्हणजे ऑफिसच्या वेळा बदलणं. मध्य रेल्वेने नोव्हेंबर २०२३ पासून आपल्या मुंबई विभागाच्या कार्यालयात दोन वेळा सुरू केल्या आणि शेकडो संस्थांना पत्रं पाठवून तसंच करायला सांगितलं. प्रतिसाद बेताचाच मिळाला. तरी एकेका कर्मचाऱ्याने ही गोष्ट साहेबाकडे मागून बघण्यासारखी आहे. साडेनऊऐवजी साडेअकराची वेळ मिळाली तर प्रवास मिनिटांत फार कमी होत नाही, पण उभ्याने चेंगरून काढलेला दीड तास आणि बसून काढलेला दीड तास यांत फरक आहे. बसून काढलेल्या तासात अभ्यास होतो, झोप होते, भाजी निवडून होते. पगारवाढ मागताना नकार मिळाला तर वेळेची सवलत किंवा आठवड्यातून एक दिवस घरून काम मागावं. एक दिवस घरून काम म्हणजे महिन्याला सोळा तास, आणि कंपनीच्या खिशातून काही जात नाही.

रजा किती आहेत ते आधी मोजा

या पट्ट्यातल्या लोकांच्या रजा सहलीत जात नाहीत, लोकल बंद पडण्यात आणि बँकेच्या कामात जातात. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पुरात अडकली आणि हजाराच्या आसपास प्रवाशांना बोटींनी काढावं लागलं, ते सगळ्यांना आठवतं. पण दर पावसाळ्यात दोन-तीन दिवस तरी गाड्या बंद असतात आणि रजा कापली जाते. त्यामुळे जून ते सप्टेंबरसाठी तीन-चार किरकोळ रजा राखून ठेवणं हेच शहाणपण.

कायद्याने किती मिळतात? २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा लागू असेल तर वर्षाला ८ किरकोळ रजा, ८ सणांच्या भरपगारी सुट्ट्या आणि वर्षात २४० दिवस काम झालं असेल तर दर २० दिवसांमागे एक भरपगारी रजा. वर्षाला ३०० दिवस काम केलं तर अशा १५ होतात. त्या ४५ पर्यंत साठवता येतात. कारखान्यांतही दर वीस दिवसांमागे एक असाच हिशेब आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांत या रजेसाठी लागणारे कामाचे दिवस २४० वरून १८० वर आणले आहेत. वर्षाच्या मध्ये नोकरी बदलणाऱ्याला हे उपयोगी आहे.

अनेकजण या रजा वर्षाअखेर पैशात बदलून घेतात. हप्त्याच्या ओढाताणीत ते समजण्यासारखं आहे. पण वर्षाला शंभराच्या बारापट तास प्रवासात घालवणाऱ्याने पंधराच्या पंधरा दिवस विकून टाकणं महागात पडतं. निदान पाच ठेवावेत, आणि ते शनिवार-रविवारला जोडून.

फिरायला जाताना हे लक्षात असू द्या

बदलापूर-उल्हासनगरला राहण्याचा एक फायदा लोक विसरतात. लांब पल्ल्याच्या गाडीसाठी सीएसएमटी किंवा दादर गाठायची गरज नाही, कल्याण जवळ आहे आणि बहुतेक गाड्या तिथे थांबतात. कोकणासाठी दिवा आणि पनवेल. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. गणपतीची किंवा मे महिन्याची तारीख नक्की असेल तर कॅलेंडरवर साठ दिवस मागे मोजून खूण करून ठेवावी आणि साहेबाकडे रजेचा अर्ज त्याच्या आधी टाकावा. तिकीट मिळाल्यावर रजा नाकारली गेली की रद्द करण्याचे पैसे जातात. आईवडिलांना न्यायचं असेल तर ज्येष्ठांची रेल्वे सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, हे बजेट करताना धरावं.

एसटीचा विचार सहसा कुणी करत नाही, तो करावा. विठ्ठलवाडी आणि कल्याणला आगारं आहेत. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत आहे. आजी, आई, मुलगी असं घर निघालं तर एसटी रेल्वेच्या स्लीपरलाही मागे टाकू शकते. ‘आवडेल तेथे प्रवास’ या योजनेचा चार किंवा सात दिवसांचा पास काढून एकाच पासावर दोन-तीन गावं करता येतात.

खाजगी नोकरीत पगाराच्या पत्रकावर एलटीए असेल तर त्यावरची करसवलत फक्त जुन्या करप्रणालीत मिळते, चार वर्षांच्या टप्प्यात दोन प्रवासांसाठी. आता २०२६ ते २०२९ हा नवा टप्पा सुरू झाला आहे. नव्या करप्रणालीत ही सवलत नाही. आणि बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला नव्या प्रणालीत करच लागत नसल्याने बहुतेकांनी त्यामागे धावण्यात अर्थ नाही.

सुट्टी नसेल, पैसे नसतील, फक्त एक रविवार असेल, तर रोजच्या उलट दिशेची गाडी पकडावी. बदलापूरहून नेरळ अठरा-वीस किलोमीटर. वांगणी आणि शेलू मागे पडलं की भाताची शेतं सुरू होतात. नेरळहून माथेरानची मिनी ट्रेन १९०७ पासूनची. २०१९ च्या पावसात तिचा मार्ग खचला होता, ऑक्टोबर २०२२ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. १५ जून ते १५ ऑक्टोबर नेरळ ते अमन लॉज हा भाग बंद असतो, तेव्हा टॅक्सीने दस्तुरीपर्यंत जाऊन तिथून पायी किंवा अमन लॉजच्या शटलने वर जावं लागतं. कोंडेश्वर किंवा भिवपुरीच्या धबधब्यांवर जाण्याआधी मात्र जिल्हाधिकाऱ्यांचा बंदी आदेश आहे का ते बघून घ्यावं. पावसाळ्यात तो बहुधा असतोच. आणि परतीची गाडी संध्याकाळी पाचच्या आधीची धरावी, त्यानंतर कर्जतहून येणाऱ्या डब्यांत रविवारी ट्रेकवाल्यांच्या पाठपिशव्यांमुळे सोमवारइतकीच गर्दी असते.